पासंग

मे महिन्यात नागपुरात कुणाला ‘कूलर बंद कर’ म्हणणं सोपं नाही. माझा भाचा मात्र ते हक्कानं म्हणतो, कारण कूलरचा आवाज माइकमध्ये येतो. वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी थांबतं, घरघर विझते आणि मानेवाड्याच्या आमच्या वरच्या खोलीत पाच मिनिटांत कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतो. म्हणून हल्ली तो पहाटे साडेचारला येतो. उजाडायच्या आत त्याचं बोलून होतं, मग मी चहा टाकते.

तो मराठीत तंत्रज्ञानाचं चॅनल चालवतो. मोबाइल, चार्जर, राउटर, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, घरात जे जे लागतं ते. मी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत २४ वर्षं काम करते आहे. त्यामुळे आमची वाटणी ठरलेली. मोजायचं मी, सांगायचं त्यानं. आणि सांगणं त्याला फार छान येतं. आजीनं रात्री सांगितलेली गोष्ट तो सकाळी परत सांगायचा, तेव्हा आजीच पोट धरून हसायची. त्याच्या बोलण्यातली ही गंमत शिकवून येणारी नाही, आणि ती कमी व्हावी असं मला कधीच वाटलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून माझ्याबद्दल उलटा समज होऊ शकतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही तीन पॉवर बँक तपासल्या. तिन्हींवर ठळक अक्षरात २०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, विजेच्या साठ्याचं माप. प्रत्येक पॉवर बँक पूर्ण भरायची, ५ व्होल्टला २ अँपिअरचा सारखा भार लावून पूर्ण रिकामी करायची, आणि असं तीनदा. एका फेरीला सहा तास लागतात. भार देणारं यंत्र एकच, त्यामुळे दिवसाला एक फेरी, नऊ फेऱ्यांचे नऊ दिवस. खोलीचं तापमान दर तासाला वहीत टिपलं. लिथियम-आयन सेलला ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही आणि आमची गच्चीखालची खोली दुपारी त्या आकड्यापासून फार लांब नसते. म्हणून भरायचं काम रात्री. नवव्या दिवशी हिशोब मांडला. तिघींतल्या सगळ्यात चांगल्या पॉवर बँकेनं १२,४०० दिले होते.

आता यात फसवणूक आहे का? नाही. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७ असतं आणि २०,००० हा आकडा त्या ३.७ व्होल्टला मोजलेला असतो. २०,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर. ऊर्जा काढायची तर ३.७ गुणिले २०, म्हणजे ७४ वॉट-अवर. यूएसबीतून बाहेर पडताना व्होल्टेज ५ वर न्यावं लागतं. तेवढीच ऊर्जा ५ व्होल्टनं वाटली की २०,००० चे १४,८०० होतात. व्होल्टेज चढवणारं सर्किट स्वतः तापतं, थोडी ऊर्जा तिथे जाते. शेवटी हातात आले १२,४००, म्हणजे ७४ पैकी ६२ वॉट-अवर. ८४ टक्के. मी तर याला चांगलं काम म्हणेन. शिवाय त्या पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड’ क्षमता १२,००० अशी छापलेलीही होती. सांगितल्यापेक्षा जास्तच मिळालं होतं.

भाच्यानं हे सगळं कॅमेऱ्यासमोर नीट सांगितलं. एक मिनिट चाळीस सेकंद लागले. संध्याकाळी एडिटिंगला बसल्यावर त्यानं मला आधीच्या एका व्हिडिओचा आलेख दाखवला. कुठल्या सेकंदाला किती लोक अजून पाहत होते, हे यूट्यूब चॅनलवाल्याला दाखवतं. माझं गणित जिथे सुरू झालं होतं, तिथे ती रेघ विहिरीत बादली सोडावी तशी खाली गेली होती. ‘पाय न मावशी, इथून लोक पळून राहिले.’ मी पाहिलं. मग त्यानं गणित कापलं, आणि मीही ‘ठीक आहे’ म्हटलं. उरलं ते एवढंच: वर छापलेले २०,०००, मोजलेले १२,४००, आणि मधे त्याचा विस्फारलेल्या डोळ्यांचा चेहरा. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर, पिवळ्या अक्षरात ‘७,६०० कुठे गेले?’ त्याच्या चॅनलवर तोवरचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तो.

तीन आठवड्यांनी मी एक केबल घ्यायला सीताबर्डीला मोदी नंबर तीनच्या गल्लीत गेले. दुकानदार जुन्या ओळखीचा. प्रयोगशाळेला काही कमी पडलं की मी त्याच्याकडेच जाते. त्यानं केबल काढून दिली आणि मग हळूच विचारलं, ‘मॅडम, तो पॉवर बँकवाला पोट्टा तुमचा भाचा हाय न?’ मी हो म्हटलं, खरं तर कौतुकानंच. त्यानं काउंटरखालून दोन उघडे डबे वर ठेवले. दोन गिऱ्हाइकांनी मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवून माल परत केला होता. सील तुटलेला माल वरचा व्यापारी परत घेत नाही. मी डबा उलटा करून पाठीवरची बारीक अक्षरं त्याला दाखवायला लागले, तेव्हा तो म्हणाला, ‘ते मले माहीत हाय, मॅडम. त्यायले कोन सांगन?’

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. प्रयोगवहीत आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर मी पोरांचे गुण कापते. एककाशिवाय आकड्याला अर्थ नाही, हे वर्षानुवर्षं सांगत आले. आणि इथे मी माझ्याच घरात, माझ्याच हातानं मोजलेल्या आकड्यांच्या मागचे व्होल्ट कापू दिले होते. परतीच्या मेट्रोत मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी तो पाहून दोन माणसं एका सरळ दुकानदाराला चोर समजून आली होती.

लोकांना नुसती गंमत हवी असते, असं म्हणून यातून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. भाच्याचं दुकान दुसऱ्याच्या जागेवर आहे आणि त्या जागेच्या मालकाची मापं बदलत राहतात. २०१२ मध्ये यूट्यूबनं शिफारशींचा हिशोब बदलला. किती जणांनी क्लिक केलं याच्याऐवजी किती वेळ पाहिलं याला वजन आलं. फसव्या शीर्षकांना आळा बसावा म्हणून केलेला तो बदल मला तरी चांगलाच वाटतो. पण मग व्हिडिओ ताणायची सवय लागली. मधल्या जाहिरातींसाठी १० मिनिटांची अट होती, ती जुलै २०२० मध्ये ८ मिनिटांवर आली, आणि तीन मिनिटांचं सांगणं आठ मिनिटांना जेमतेम पुरवलेले व्हिडिओ दिसायला लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स, म्हणजे काही सेकंदांचे व्हिडिओ, आले, तेही पहिल्यांदा भारतातच, आणि ओढ एकदम उलट्या दिशेला लागली. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकाला दिसेनासा झाला. इन्व्हर्टरच्या वायरिंगचा धोक्याचा सल्ला देणारा व्हिडिओ ओळखायची एक साधी खूण त्यासोबत गेली. क्लिक, मिनिटं, पसंती, सगळं मोजलं जातं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा रोज रात्री ते आकडे पाहून झोपतो. सांगितलेलं बरोबर होतं का, हे दाखवणारा आलेख त्या पानावर नाही.

आणि तरीही गंमतीला दुय्यम मानायची चूक आपल्या विदर्भात तरी कुणी करू नये. शेंडगावच्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) जन्मभर काय केलं? दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. तेही वऱ्हाडी बोलीत, समोरच्यांना प्रश्न टाकत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, आणि हसता हसता कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला हे ऐकून घ्यायचे. माझ्या आजीनं लहानपणी ते कीर्तन ऐकलं होतं. त्याबद्दल विचारलं की ती उपदेश सांगायची नाही, आधी बाबांची बोलायची ढब करून दाखवायची. उपदेश तिच्या वागण्यात होता. तिनं सहा पोरांच्या लग्नात एक पैसा उधार घेतला नाही.

मला त्यातला क्रम फार मोलाचा वाटतो. खराटा आधी, कीर्तन मागून. झाडलेल्या जागेवर उभा राहून तो माणूस बोलायचा, म्हणून त्याच्या हसवण्याला वजन होतं. व्हिडिओच्या धंद्यात हल्ली उलटं शिकवतात. आधी शीर्षक आणि थंबनेल ठरवा, मग व्हिडिओ बनवा. खाण्याच्या, फिरण्याच्या चॅनलला ते चालत असेल. मोजमापाच्या चॅनलला चालत नाही. निकाल थंबनेलवर आधीच लिहिला की मोजणीला फक्त साक्ष द्यायची उरते. पॉवर बँकवाल्या व्हिडिओनंतर भाच्याला एका कंपनीकडून मेल आला होता. काय बोलायचं तेही त्यांनी लिहून पाठवलं होतं. त्यात ‘मी स्वतः आठवडाभर वापरून पाहिलं’ असं वाक्य होतं, आणि वस्तू अजून आमच्या घरी पोचलीही नव्हती. फुकट मिळालेली वस्तूही प्रेक्षकाला स्पष्ट सांगावी, असा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. तो पाळणारे पाळतात. पण न पाहिलेल्या वस्तूबद्दलचं ‘मी स्वतः’ कुठल्या लेबलानं भरून निघणार? भाच्यानं तो मेल मला दाखवला आणि नकार कळवला. त्या महिन्याला ते पैसे त्याला हवे होते, हे मला माहीत आहे.

घाईची ही गोष्ट लहानांपुरती नाही. कॅनडातल्या लायनस टेक टिप्स या चॅनलचे दीड कोटीच्या वर सदस्य, हाताशी मोठी प्रयोगशाळा. ऑगस्ट २०२३ मध्ये गेमर्स नेक्सस या अमेरिकी चॅनलच्या स्टीव्ह बर्क यांनी त्यांच्या चाचण्यांमधल्या चुका पाऊण तासाच्या व्हिडिओत एकेक करून मांडल्या. त्यातली एक माझ्या डोक्यातून जात नाही. बिलेट लॅब्स या छोट्या कंपनीनं ग्राफिक्स कार्ड थंड ठेवणारा तांब्याचा एक नमुना त्यांना तपासायला पाठवला होता. बनवलेला होता ३०९० टीआय या कार्डासाठी. लावून पाहिला ४०९० वर, आणि त्यावरून तो चांगला नाही असा निकाल दिला. एका मापाची चप्पल दुसऱ्याच्या पायात घालून चांभाराला नावं ठेवावीत, तसं झालं. टीका वाढल्यावर त्यांनी आठवडाभर नवे व्हिडिओ थांबवले आणि कामाची पद्धत बदलत असल्याचं सांगितलं. एवढी माणसं, एवढी यंत्रं असून चुकलं ते एकाच जागी: दर आठवड्याला किती व्हिडिओ द्यायचे हे आधी ठरलं आणि तपासायला किती दिवस लागतात ते नंतर. मला त्यात आमचे नऊ दिवस आणि ते एक मिनिट चाळीस सेकंद दिसले. आम्ही मोजायला वेळ दिला होता. समजावून सांगायला दिला नाही.

गंमत आणि खरेपणा एकत्र नांदताना मी पाहिलेत. बिग क्लाइव्ह नावानं चॅनल चालवणारे एक स्कॉटिश गृहस्थ आयल ऑफ मॅनवर राहतात. पडद्यावर एक टेबल, दोन हात आणि उघडलेली वस्तू. स्वस्तातला चार्जर किंवा दिवा खोलायचा, सर्किट वाचायचं, वहीत हातानं काढून दाखवायचं. फिलिप्सनं दुबईसाठी काढलेल्या एलईडी दिव्यांचा त्यांचा व्हिडिओ आम्ही दोघांनी एका रात्री पाहिला. त्या दिव्यांत एलईडी जास्त आणि प्रत्येकातून वीज कमी, त्यामुळे दिवा थंड राहतो आणि टिकतो. आमच्याकडे त्या वर्षी चार एलईडी दिवे गेले होते. भाच्यानं ते रद्दीच्या पिशवीतून काढले आणि चारही फोडले. दोनांतला कपॅसिटर, म्हणजे विजेचा थोडा साठा करणारा छोटा भाग, फुगलेला. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. बंद काचेच्या शेडमध्ये, नागपूरच्या छताखाली ते किती तापत असतील! ‘अरे, म्हणून!’ असं तो ओरडला, रात्री साडेअकराला. फळ्यावरच्या त्या ओळीला इतक्या वर्षांत असा ‘म्हणून’ मला कधी मिळाला नव्हता. तो मिळाला, कारण त्या मिनिटाला आत काय निघेल हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बघणाऱ्याला धरून ठेवणारी खरी गोष्ट ती आहे असं मला वाटतं. डोळे विस्फारून ती आणता येत नाही.

एकदा मी त्याला वेळेवर थांबवलं होतं. ३० मे २०२४. नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि दुपारपासून प्रत्येक मोबाइलवर तो आकडा फिरायला लागला. भाच्याचं शीर्षक दहा मिनिटांत तयार होतं. मी म्हटलं, ‘बाकीची केंद्रं पाहा आधी.’ त्यांतली काही ४४ च्या आसपास होती. एकाच शहरात बारा अंशांचा फरक असेल तर संशय उन्हाचा घ्यायचा की सेन्सरचा? पुढे हवामान खात्यानंही सेन्सरमधली चूकच होती असं सांगितलं. तो व्हिडिओ त्यानं केला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. मात्र त्या दिवशी थांबवणं सोपं होतं, कारण आकडा चुकीचा होता. पुढच्या वर्षी आकडे बरोबर होते, म्हणून माझं लक्ष गेलं नाही.

सीताबर्डीहून परत आल्यावर मी भाच्याला दुकानदाराची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी व्हिडिओ काढून टाकू का?’ काढला तर ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातलं कोण काढणार? चढवलेल्या व्हिडिओतून यूट्यूब तुकडा कापू देतं, नवा जोडू देत नाही. म्हणून त्यानं थंबनेल बदललं, शीर्षक बदललं, पूर्ण हिशोब वरच्या कमेंटमध्ये लिहून ती तिथेच टाचून ठेवली. दुकानदाराचे ते दोन डबे जाऊन पूर्ण किमतीला विकत आणले. आणि ठरवलं की तेच एक मिनिट चाळीस सेकंद पुन्हा करायचे, पण असे की कुणाला उठून जावंसं वाटू नये. ते कसे, हे सुचायला सहा महिने गेले.

माझ्या वडिलांचं इतवारीत किराणा दुकान होतं. माणूस बोलका. साखर मोजताना बाईला माहेरची खबर विचारतील, पोरांना कोडी घालतील, रांगेतल्याला उभ्या उभ्या किस्सा सांगतील. पण सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम एकच. रिकामा तराजू हातात धरून उचलायचा आणि काटा मधे येतो का ते बघायचं. एखादं पारडं खाली गेलं तर दुसऱ्याला दोरीची गाठ मारायची, मेणाची गोळी लावायची. तो पासंग. तो साधला की मग दिवसभर हव्या तेवढ्या गप्पा. दुकान बंद झालं तेव्हा तो पितळी तराजू मी माळ्यावर ठेवला होता.

नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आणि एका संध्याकाळी भाच्याचा फोन. ‘मावशी, आबांचा तराजू कुठं हाय?’ दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कॉटन मार्केटला गेलो. त्यानं वीस लहान आणि पंधरा मोठी संत्री निवडली, एकेक हातात तोलून. त्याचं म्हणणं असं की ३.७ व्होल्ट म्हणजे लहान संत्रं आणि ५ व्होल्ट म्हणजे मोठं. मोजून घ्याल तर २० आणि १५, तोलून घ्याल तर सारखीच. मग मोठ्यांची सालं काढायची, ती सर्किटनं खाल्लेली ऊर्जा. खरं तर संत्र्याचं साल सर्किटच्या नुकसानीपेक्षा जास्त भरतं, तेही तो बोलायला विसरला नाही. तेवढ्यासाठी एक वाक्य जास्त खर्च केलं त्यानं.

कूलर केव्हाच झाकून ठेवलेला. खोलीत गारवा होता. मी तराजू पुसला, रिकामा उचलून पाहिला आणि डाव्या पारड्याला दोऱ्याची गाठ मारली. भाचा कॅमेरा सुरूच ठेवून ते पाहत होता. मग त्यानं एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला पंधरा संत्री ठेवली आणि तराजू उचलला. पारडी हलायला लागली. वर, खाली, परत वर. तो काहीच बोलला नाही. मीही नाही. वजनं सारखी निघतील अशी आमची खात्री होती, पण संत्री ती, नक्की कोण सांगणार? काटा हळूहळू मधे येऊन थांबला.

रात्री एडिटिंग करताना तो त्या जागी आला. अकरा सेकंद नुसती हलणारी पारडी, एक शब्द नाही. कर्सर सुरुवातीला ठेवून तो जरा वेळ थांबला. मी शेजारी बसून साल काढलेल्या संत्र्यांच्या फोडी सुट्या करत होते, काही म्हटलं नाही. त्यानं ते अकरा सेकंद पुन्हा एकदा लावून पाहिले, एक फोड तोंडात टाकली आणि पुढच्या तुकड्याकडे गेला.